वजन कमी करायचं इंजेक्शन पोटात घ्यावं, मांडीत की दंडात? पोटावर घेतलं तर पोट आधी उतरतं का?

नाही उतरत. जिथं टोचलं तिथलीच चरबी जात असती, तर निम्म्या पुण्यानं हनुवटीखाली टोचून घेतलं असतं.

तुम्ही लिहिलंय की मौंजारो सुरू केलंय. मित्र म्हणतो पोटावर घे. बहीण म्हणते मांडीत घे, म्हणजे मळमळत नाही. आणि तुम्हाला बेंबीच्या डावीकडे एक जागा सापडलीय जिथं अजिबात दुखत नाही, तर दर आठवड्याला तिथंच घेतलं तर चालेल का? पहिल्या दोन गोष्टींसाठी मी लिहायला बसले नसते. तिसरी वाचली आणि राहवलं नाही.

औषधाचं आधी उरकते. मौंजारोतलं तिर्झेपेटाइड काय किंवा वेगोव्हीतलं सेमाग्लुटाइड काय, माहितीपत्रकात तीनच जागा दिल्यात: पोट, मांडीची पुढची बाजू, दंडाची मागची बाजू. तिन्हींतून रक्तात पोचणारं औषध जवळपास सारखंच, तिर्झेपेटाइड साधारण ८० टक्के, सेमाग्लुटाइड ८९. रक्तातलं औषध निम्म्यावर यायला एकाला पाच दिवस लागतात, दुसऱ्याला आठवडा. इतक्या संथ औषधाला मांडीतून थोडा उशीर झाला तर काय बिघडतं? ते काम करतं मेंदूत आणि जठरात. भूक मारतं, जेवण पोटात जास्त वेळ ठेवतं. मग खाणं कमी झालं की शरीर चरबी कुठून काढायची ते स्वतःच्या मर्जीनं ठरवतं.

आता तुमची न दुखणारी जागा.

माझ्या सासूबाईंना इन्सुलिन होतं, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी. फ्रीजच्या दारात बाटली, लाल टोपणाची चाळीस युनिटची सिरिंज. गल्लीतल्या दवाखान्याचा कंपाउंडर सुरुवातीला घरी येऊन द्यायचा. त्यानं बेंबीच्या उजवीकडे खालच्या अंगाला एक जागा धरली ती धरलीच. पुढं सासूबाई स्वतः घ्यायला लागल्या, त्याही तिथंच, चष्मा न लावता चाचपून. "इथं कळतसुद्धा नाही गं," असं कौतुकानं सांगायच्या.

शुगरचा मात्र काही भरवसा नाही. सकाळी उपाशीपोटी २८०, दुसऱ्या दिवशी तेच जेवण, तोच डोस आणि ७०. मध्यरात्री घामानं चोळी भिजलेली, हात थरथरतायत आणि मी साखरेचं पाणी घेऊन उभी. डॉक्टर डोस वाढवत गेले. आणि दर रविवारी पुण्याहून वन्संचा फोन: "आईला काय खायला घालतेस तू?" गणपतीला साताऱ्याला आल्या तेव्हा त्यांनी फडताळातल्या डब्यातले लाडू मोजले. आल्या दिवशी आणि निघायच्या दिवशी. मला दाखवून मोजले. यांना सांगितलं तर म्हणाले, "जाऊ दे, तिचा स्वभाव आहे."

मग सासूबाई मोरीत घसरल्या आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं. अंघोळ मी घालायला लागले. पोटावरून साबणाचा हात फिरवताना उजवीकडे हात अडला. डोळ्याला काही दिसत नव्हतं. लाली नाही, जखम नाही. पण साबण लावलेल्या बोटांना स्पष्ट लागत होतं, लिंबाएवढा घट्ट भाग, कडेला उतरता. डावीकडे तसंच चाचपून पाहिलं, तिथं काही नाही. विचारलं, "आई, इथं दुखतं का?" म्हणाल्या, "छे, तीच तर माझी इंजेक्शनची जागा."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांना बोट ठेवून दाखवलं. एकाच जागी पुन्हा पुन्हा इन्सुलिन गेलं की तिथली चरबी फुगून गाठ होते, त्याला लायपोहायपरट्रॉफी म्हणतात. त्या गाठीला टोचलेलं फारसं जाणवत नाही. आणि तिच्यातून इन्सुलिन एका दिवशी अर्धवट शोषलं जातं, दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी. म्हणून २८० आणि म्हणून ७०. डॉक्टरांनी आधी डोस खाली आणला आणि मग जागा बदलायला सांगितली. चांगल्या जागेतून औषध पुरतं लागू पडणार होतं. वाढवत नेलेला डोस तसाच दिला असता तर शुगर धाडकन खाली आली असती. इन्सुलिनवाल्यांनी हे पुन्हा वाचा, गाठीत टोचत आला असाल तर डॉक्टरांना न विचारता जागा बदलू नका.

मग मी कालनिर्णय हाताशी घेतलं. बेंबीभोवतीची दोन इंच जागा सोडून पोटाचे चार भाग केले आणि तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहायला लागले: डा.व., डा.खा., उ.व. उजवं खालचं बंद. एक आठवडा एक भाग, आणि त्यातही रोज बोटभर सरकायचं. संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळेशेजारी "डा.खा." बघून पाहुणे विचारायचे हे काय, कुठलं व्रत. काही आठवड्यांत शुगर रांगेला लागली. मी वन्संना फोन करून सगळं सांगितलं, गाठ, साबण, डोस, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चला, म्हणजे आता नीट खायला घालतेस."

त्याच वन्सं आता मौंजारोवर आहेत. मार्च २०२५ मध्ये ते आपल्याकडे बाटलीत आलं, टोचायचं पेन त्यानंतर काही महिन्यांनी. दिवाळीत पेन घेऊन आल्या होत्या. माझ्यासमोर पलंगावर बसून घेतलं, पदर बाजूला, बेंबीच्या डावीकडे, ठरलेल्या जागी. "इथं दुखत नाही," म्हणाल्या. वाक्य आईचंच. मी म्हटलं, "वन्सं, उद्या अंघोळीला साबण लावून तिथं जरा चाचपा." तर म्हणाल्या, "अगं, ते इन्सुलिन. हे वजनाचं आहे. पोटावर घेतलं की पोट जातं, तुला काय कळतंय."

इन्सुलिन नाही हे खरं. आठवड्यातून एकदाच टोचायचं, त्यामुळे रोज दोनदा टोचण्याइतका धोका नाही, हेही मान्य. पण दर वेळी जागा बदला असं माहितीपत्रकात छापलंय ते कागद उरला म्हणून नव्हे. आणि पोट जाण्याचं म्हणाल तर वन्संचे गाल बसले, गळ्याची कातडी सुटली, बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. पोट आहे तिथंच आहे. पोटावर टोचून गाल उतरतात, हे तुमच्या मित्राला सांगा.

बहिणीचं मांडीचं म्हणणं: मळमळ होते ती डोसामुळे, जागेमुळे नव्हे. म्हणून तर तिर्झेपेटाइड २.५ मिलिग्रॅमवर सुरू करतात आणि चार आठवडे तिथंच ठेवतात. पोळी अर्धी करा, तळकट सोडा, पोट भरल्यासारखं वाटलं की ताटावरून उठा. तरीही मांडीत घेतल्यावर तुम्हाला बरं वाटत असेल तर खुशाल घ्या, ती मान्य जागाच आहे. फक्त श्रेय मांडीला देऊ नका.

माझं मत विचाराल तर पोट आणि मांडी आलटून पालटून. पोटावर बेंबीपासून दोन इंच लांब, आणि साडी नेसत असाल तर परकराची नाडी जिथं बसते ती रेघ सोडून, पँट असेल तर पट्ट्याची. मांडी पुढून-बाहेरून, मधल्या भागात, गुडघ्याजवळ नको, आतल्या बाजूला नको. दंडावर स्वतःचं स्वतः घेण्याची सर्कस करू नका. मागची बाजू दिसत नाही, नीट हात पोचत नाही आणि हडकुळ्या दंडात सुई स्नायूत जायची भीती. दंडच हवा असेल तर दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगा. वळ, काळंनिळं, जुना व्रण, ताणाच्या रेघा, कडक लागणारी जागा, सगळं वगळा. स्पिरिट लावलं तर ते वाळू द्या, ओल्यावर टोचलं की झोंबतं, आणि मग लोक म्हणतात ही जागा दुखते. पेन फ्रीजमधून काढल्या काढल्या टोचू नका. सुई दर वेळी नवी. दाबल्यावर पेनच्या कागदावर लिहिलेत तेवढे आकडे मोजून मगच बाहेर काढा. नंतर चोळू नका.

आणि कुठं टोचलं ते लिहून ठेवा. मोबाइलमध्ये लिहा, भिंतीवर लिहा. पुढच्या आठवड्याला आठवत नाही, सगळ्यांना वाटतं आठवेल.

आधी लिहायला हवं होतं ते आता लिहिते. मी डॉक्टर नाही. हे औषध चिठ्ठीवरच घ्यायचं, मैत्रिणीच्या उरलेल्या पेनमधून नाही, सुई बदलली तरी नाही. स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर झाला असेल, स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल किंवा मूल होऊ द्यायचा विचार असेल, तर आधी ते डॉक्टरांना सांगा. सोबत इन्सुलिन चालू असेल तर दोन्ही एका सिरिंजमध्ये ओढायची नाहीत. पोटावरच दोन्ही घेतलीत तरी चालतं, पण शेजारी शेजारी नको. औषध बंद केलं की वजन परत चढतं, बहुतेकांचं चढतं, तेव्हा जागेपेक्षा त्याचा विचार जास्त करा.

आणि घरात कुणी इन्सुलिनवर असेल, शुगर कारण नसताना वरखाली होत असेल, तर सून काय खायला घालते हे विचारण्याआधी पोटावरून साबणाचा हात फिरवून बघा. हे उत्तर मी वन्संच्या लेकीला पाठवणार आहे, ती त्यांना वाचून दाखवेल.