पेरतात ती वरी, शिजवतात ती भगर

एका वाचक भगिनींचा प्रश्न असा : “माहेरी जळगावला आम्ही ‘भगर’ म्हणतो, सासरी पुण्यात ‘वरीचे तांदूळ’ म्हणतात. परवा आणलेल्या पाकिटावर ‘सामा’ छापलेलं होतं. ही एकाच धान्याची तीन नावं आहेत का? मी एकदा ‘भगरीचे तांदूळ’ म्हटलं तर सासूबाई हसल्या. त्यात चूक काय? आणि मुलाला शाळेच्या प्रकल्पासाठी वरीचं शास्त्रीय नाव हवं आहे, तर एका यादीत एक सापडतं, दुसरीत दुसरंच.”

यातला मुलाचा प्रश्न सर्वांत अवघड आणि सासूबाईंचा सर्वांत मजेदार. सुरुवात मात्र माझ्या फजितीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी वरीचं रोप कसं दिसतं ते पाहायची हौस आली, म्हणून वाण्याकडची मूठभर भगर कुंडीत पेरली. पंधरा दिवस पाणी घातलं. मुंग्यांनी बरीचशी नेली आणि उरलेली कुजली. मग अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका शेतकऱ्याने हसत हसत कागदाच्या पुडीत थोडे करडे-तपकिरी, चकचकीत दाणे दिले. म्हणाला, “ती भगर हाय, ही वरई. भगर खायची, वरई पेरायची.” ते दाणे आठवड्याच्या आत उगवले. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या वाक्यात आहे. वरी किंवा वरई हे पिकाचं आणि टरफलासकट दाण्याचं नाव. टरफल काढून, सडून (म्हणजे कांडून), पाखडून जो पांढरा दाणा उरतो ती भगर, किंवा वरीचे तांदूळ. सडताना दाण्याचा अंकुर बहुधा दुखावतो, म्हणून माझ्या कुंडीत काही उगवलं नाही.

आपण भाताच्या बाबतीत हेच करतो. शेतात असतं ते भात, गिरणीतून येतात ते तांदूळ. (आणि ताटात वाढल्यावर पुन्हा भात! पण तो वेगळ्या चर्चेचा विषय आहे.) ज्वारीचं मात्र असं होत नाही. शेतात ज्वारी, कणगीत ज्वारी, जात्यात ज्वारी. बाजरी आणि नाचणीचंही तेच. ‘नाचणीचे तांदूळ’ असं कोणी म्हणत नाही. असं का, याचं उत्तर व्याकरणात शोधून मिळणार नाही. त्यासाठी कणीस हातात घेऊन पाहावं लागतं.

ही सगळी धान्यं गवताच्या कुळातली, आणि या कुळातल्या वनस्पतींना पाकळ्या नसतात. फुलं बारीक, आणि ती एका छोट्या झुपक्यात बसलेली असतात. त्या झुपक्याला शास्त्रीय मराठीत कणिशक म्हणतात, म्हणजे कणसातलं लहानसं कणीस. वरीच्या कणिशकात फुलं दोनच. खालचं वांझ, त्यात दाणा धरत नाही. वरचं फळतं. या वरच्या फुलाला झाकणारी दोन खवल्यांसारखी आवरणं दाणा भरताना टणक आणि गुळगुळीत होतात आणि त्याला शिंपल्यासारखी कवटाळून बसतात. पीक झोडपलं की कणिशक तुटून पडतं, पण दाणा त्या शिंपल्यातून बाहेर येत नाही. त्या शेतकऱ्याने दिलेल्या दाण्यांची चकाकी ही दाण्याची नव्हतीच, ती आवरणांची होती. सावा, राळा, हरीक (कोद्रा) या बारीक धान्यांचंही असंच. भाताचा तूसही अशाच दोन आवरणांचा असतो.

ज्वारी-बाजरीचा दाणा मळणीत आवरणातून सुटा होतो. नाचणीची गंमत आणखी निराळी. गहू-तांदळात फळाची साल बीजाला पक्की चिकटलेली असते. नाचणीत ती कागदासारखी पातळ आणि सैल असते, चोळली की निघून जाते. म्हणून खळ्यावरून आलेली नाचणी पाखडून थेट जात्यावर जाऊ शकते. वरी जाऊ शकत नाही. तिला आधी उखळ-मुसळाचा किंवा भरडायच्या जात्याचा मार खावा लागतो.

ज्या धान्याला ही जादा मेहनत लागते, त्याच्या सोललेल्या दाण्याला मराठीने वेगळं नाव दिलं : भाताचे तांदूळ, वरीचे तांदूळ, राळ्याचे तांदूळ, हरकाचे तांदूळ. म्हणजे ‘तांदूळ’ हा शब्द एका वनस्पतीपुरता नाही, ‘सडलेला अख्खा दाणा’ एवढाच त्याचा जुना अर्थ आहे. संस्कृतात ‘तण्डुल’सुद्धा कांडून साफ केलेल्या दाण्यालाच म्हणत. गव्हातही एक जात अशी आहे जिचा दाणा आवरण सोडत नाही. तिला आपण काय म्हणतो? खपली गहू. खीर त्याचीच करायची, असा सांगली-कोल्हापूरकडच्या घरांतून आग्रह असतो. तिचं नावच तिच्या टरफलावरून पडलं आहे. शेतकऱ्याने वनस्पतिशास्त्राचं पुस्तक उघडलं नव्हतं, पण जे हाताला जाणवलं त्याला नाव दिलं.

आता ‘भगरीचे तांदूळ’. भगर म्हणजेच सडलेली वरी, तेव्हा तिला पुन्हा तांदूळ जोडणं म्हणजे पिवळा पीतांबर. सासूबाई हसल्या त्या यासाठी. पण मी काही हसणार नाही. ज्या घरात वरी हे पीक कोणी पाहिलेलं नाही, तिथे ‘भगर’ हेच धान्याचं मूळ नाव वाटतं आणि मग बाकीच्या धान्यांसारखे तिचेही तांदूळ होतात. ‘लेडीज बायकांचा डबा’ म्हणण्याइतकं ते कानाला खटकत नाही. मात्र शेतीबद्दल लिहिताना ‘भगरीची लागवड’ असं लिहू नका. वर्तमानपत्रांत ते अधूनमधून दिसतं आणि दर वेळी मला माझी कुंडी आठवते.

पाकिटावरच्या ‘सामा’कडे येऊ. हा शब्द फार जुना. संस्कृत ‘श्यामाक’ हे त्याचं मूळ. रुद्र या वैदिक स्तोत्रानंतर चमक म्हणतात, त्यात यजमान देवाकडे जी बारा धान्यं मागतो त्यांत व्रीही, यव, गोधूम यांच्या जोडीला शेवटी प्रियंगू, अणू, श्यामाक आणि नीवार येतात. प्रियंगू म्हणजे राळा, अणू म्हणजे वरीच्या जातीचं बारीक धान्य, श्यामाक म्हणजे सावा आणि नीवार म्हणजे आपण ऋषिपंचमीला शोधत फिरतो तो देवभात. शकुंतला सासरी निघते तेव्हा तिचा पदर धरणारं हरणाचं पाडस तिने श्यामाकाच्या मुठी भरवून वाढवलेलं असतं, हेही आठवत असेल. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव झालं, त्याच वाटेने श्यामाकचा सावा झाला. हिंदीत साँवा आणि समा, गुजरातीत सामो.

गुंता इथे सुरू होतो. नाव एकाच मुळातून निघालं, पण ते वेगवेगळ्या गवतांवर जाऊन बसलं. हिंदी पट्ट्यात साँवा म्हणजे एकिनोक्लोआ फ्रुमेंटेशिया. उत्तराखंडात याच गवताला झंगोरा म्हणतात. कन्नडमधला ‘सामे’ आणि तमिळमधला ‘सामै’ हे शब्द मात्र पॅनिकम सुमात्रेन्से या गवताचे, आणि आपल्या सह्याद्रीच्या उतारांवरची वरी ती हीच. हिंदीत तिला कुटकी म्हणतात. तेव्हा ‘सामा’ लिहिलेल्या पाकिटात नेमकं काय आहे, हे पाकीट कुठल्या मुलखात भरलं त्यावर अवलंबून. उत्तरेकडून आलं असेल तर बहुधा सावा. नाशिककडच्या भगर गिरण्यांतून आलं असेल तर वरी असण्याची शक्यता जास्त, पण तिथेही कच्चा माल बाहेरून येतोच. भगर हे सडलेल्या दाण्याचं नाव पडल्यामुळे वाण्याला दोन्हीला भगर म्हणणं सोपं जातं, आणि शिजवल्यावर चवीत फरक करणारी माणसं थोडी.

मुलाचं शास्त्रीय नाव याच गुंत्यात अडकलं आहे. ‘वरी’ हे नाव याद्यांमध्ये दोन गवतांपुढे सापडतं. एक वर सांगितलेलं पॅनिकम सुमात्रेन्से. जुन्या पुस्तकांत त्यालाच पॅनिकम मिलिअरे म्हटलेलं असतं, म्हणजे तिथे गवत एकच आणि लॅटिन नावं दोन. दुसरं पॅनिकम मिलिएसियम, हिंदीतली चेना. ही दोन्ही सख्खी चुलत भावंडं, पण त्यांच्या घरची कथा वेगळी. चेना उत्तर चीनकडे हजारो वर्षांपूर्वी माणसाळली आणि तिथून युरोपपर्यंत गेली. वनस्पतींना दुपदरी शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने तिला १७५३ साली हे नाव दिलं. पॅनिकम सुमात्रेन्से हे नाव ऐकून ते सुमात्रातून आलं असं वाटतं. तसं नाही. पीक म्हणून ते भारतातच घडलं आणि आजही त्याची शेती मुख्यतः इथेच होते. नाव ठेवणाऱ्यापुढे आलेला नमुना तिकडचा, एवढाच सुमात्राचा संबंध.

प्रकल्पासाठी नमुना मिळाला तर मुलाला एवढं बघायला सांगा. आपल्या वरीचं रोप गुडघ्यापासून कमरेपर्यंत वाढतं, बुडाशी फुटवे येतात. कणीस ज्वारीसारखं घट्ट नसतं. मोकळ्या, फांद्याफांद्यांच्या अशा तुऱ्याला शास्त्रात परिमंजरी म्हणतात. कणिशक दोन ते साडेतीन मिलिमीटरचं आणि त्याला कुसळ नसतं. चेनाचा तुरा एका बाजूला झुकलेला, कणिशक साडेचार-पाच मिलिमीटरपर्यंत जातं, दाणाही ठळक आणि गोल. सावाचं कणीस दुरूनच ओळखू येतं. मधल्या दांड्याला आखूड, जाड फांद्या चिकटून बसलेल्या, कधी जांभळट छटेच्या, आणि दाणा एका बाजूने चपटा.

सावाची आणखी एक खूण आहे, ती मला सगळ्यांत आवडते. गवताचं पान जिथे खोडाला कवटाळणारं आवरण सोडून बाहेर वळतं, त्या सांध्याच्या आतल्या बाजूला एक पातळ पापुद्रा किंवा केसांची झालर असते. तिला जिव्हिका, म्हणजे छोटी जीभ, म्हणतात. भाताला ती चांगली लांब असते. वरीला केसांची असते. लागवडीच्या सावाला आणि त्याच्या रानटी भावंडाला, भातखाचरात तण म्हणून माजणाऱ्या एकिनोक्लोआ कोलोनाला, ती नसतेच. लावणीनंतर हे तण भाताच्या रोपात असं मिसळून जातं की नवख्याला कळत नाही. पान वाकवून सांध्यात जीभ आहे का ते पाहायचं. नसेल तर उपटायचं.

कोकणातल्या वरकस जमिनीचा उल्लेख इथे करावा लागेल, कारण वरीचा प्रश्न आला की कोणीतरी ‘वरकस’वरून ‘वरी’ किंवा उलट अशी व्युत्पत्ती सुचवतंच. डोंगरउताराच्या या हलक्या जमिनीत पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, मग हरीक, मग तीळ किंवा कारळे आणि त्यानंतर काही वर्षं जमीन पडीक, असा जुना फेर होता. शेतात शेजार असला म्हणून शब्दांचं नातं जुळत नाही. नुसता आवाज सारखा एवढ्यावर मी तरी ही व्युत्पत्ती मान्य करणार नाही.

तसंच ‘वरी’ बरोबर की ‘वरई’ हा वाद घालू नये. दोन्ही रूढ आहेत : वरीचे पीठ, वरईचे पीठ. ‘भगर’ मात्र स्त्रीलिंगी, तेव्हा भगरीचा भात, भगरीची भाकरी. ‘भगरचा भात’ हे पाकिटांवरचं मराठी. कृषी विद्यापीठाने कोल्हापूरकडे काढलेल्या वरीच्या एका वाणाचं नाव ‘फुले एकादशी’ आहे. पिकाचा आणि उपवासाचा संबंध इतका पक्का की वाणाचं बारसंही तिथीवरून झालं. आता वनस्पतिशास्त्र म्हणणार, वरी गव्हाच्याच कुळातली, तितकीच अस्सल तृणधान्य. मग धान्य न चालणाऱ्या दिवशी ती कशी चालते? शास्त्राने हा प्रश्न आजीला विचारून पाहावा. माझ्या आजीचं उत्तर ठरलेलं होतं : “दाण्याची आमटी केली आहे, गरम आहे तोवर बस.”

मुलाच्या वहीत काय लिहायचं? मराठी नाव : वरी, वरई. शास्त्रीय नाव : पॅनिकम सुमात्रेन्से. सडलेला दाणा : भगर, वरीचे तांदूळ. आणि पाकिटावर ‘सामा’ असेल तर त्यातले चार दाणे पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगातून बघायला सांगा. एक बाजू चपटी दिसली तर तुम्ही सावा आणला आहे.