तराजूवर काय जातं, काय नाही

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की या सदराला येणाऱ्या पत्रांचा ढीग वाढतो. माळ्यावरचे डबे खाली उतरतात आणि घरात दोन पक्ष पडतात: एक म्हणतो मोडीत काढा, दुसरा म्हणतो लाखाचं आहे, हात लावू नका. नव्या वाचकांसाठी माझी ओळख एवढीच, की नागपूरच्या इतवारीत आमचं मोडीच्या भांड्यांचं दुकान आहे. सासऱ्यांच्या हाताखाली आधी तराजू धरायला शिकले, आणि तराजूवर काय ठेवायचं नाही ते त्यानंतर.

ताई, आजेसासूबाईंच्या डब्यात चांदीचे बेचाळीस रुपये निघाले, काही राणीछाप, काही राजाछाप. सोबत तांब्याचं एक जाड नाणं आहे. एका बाजूला राम-दरबार, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, १८१८. सराफ चांदीच्या भावानं घ्यायला तयार आहे. रामाच्या नाण्याला मात्र मोबाइलवर एक जण कोटीचा भाव सांगतो. काय करू? (वाचिका, महाल)

आधी कोटीचं उरकून टाकू. राम-दरबाराचं असं नाणं कंपनीनं कधी पाडलंच नाही. या चकत्या देवळाबाहेर, जत्रेत विकायच्या. १६१६, १७१७, १८१८ असे दिसायला झोकदार सन त्यांवर ठोकलेले असतात. देवघरात ठेवा, हळद-कुंकू वाहा. विकायला न्याल तर तांब्याचा भाव मिळेल, तोही ते तांबं निघालं तर.

रुपयांसाठी मात्र एक दुपार काढा. पांढरी चादर अंथरा आणि सनाप्रमाणे ओळी लावा. १९३९ पर्यंतचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, आणि त्यातले बारापैकी अकरा भाग चांदी. १९४० पासून युद्धाच्या दिवसांत चांदी निम्म्यावर आणली. या रुपयाच्या कडेला मधोमध खाच दिसेल, तीच त्याची खूण. १९४७ च्या रुपयात तर चांदी नाहीच. तो निकेलचा, लोहचुंबकाला चिकटतो. सगळे एकाच पारड्यात ओतले की भाव निम्म्या चांदीच्या बाजूनं लागतो, म्हणून मोड द्यायची तरी ढीग वेगळे करूनच द्या.

राणीछापमध्ये १८६२ चे पुष्कळ निघतील. हुरळू नका, टांकसाळीनं पुढची बारा वर्षं तोच सन चालू ठेवला होता. बाजूला काढायचे ते दोन सन. १९११ च्या पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षी साचा बदलावा लागला. नाणेवाले त्याला अजून ‘पिग रुपी’ म्हणतात आणि चांदीपेक्षा वरचा भाव देतात. दुसरा १९३९ चा. तो खरा असला तर दुर्मीळ, म्हणूनच त्याच्या नकला फार. असा रुपया सराफाला दाखवण्यात अर्थ नाही, तो चांदीच पाहणार. नाणी-नोटांच्या प्रदर्शनात बसणाऱ्या दोन वेगवेगळ्या व्यापाऱ्यांना दाखवा, आणि पहिल्यानं काय भाव सांगितला ते दुसऱ्याला सांगू नका.

आणि बाई, पितांबरी नको, चिंच नको, राख नको, टूथपेस्ट तर नकोच नको. घासून चकचकीत केलेलं नाणं संग्राहक हातातही धरत नाही. काळं आहे तसं राहू द्या, साध्या कागदाच्या पाकिटात एकेक ठेवा.

जाता जाता एक गोष्ट तुमच्या भागासाठी. डब्यातलं ते वारशाचं. पण वाडा पाडताना भिंतीतून किंवा चुलीखालून हंडा निघाला तर ते गुप्तधन. १८७८ चा कायदा आजही लागू आहे, आणि दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. मातीनं भरलेली नाणी रुमालात बांधून कोणी आमच्या दुकानात आलं की मी आधी चहा विचारते, मग पत्ता विचारते. बहुतेक जण चहा न घेताच जातात.

आईचं घर रिकामं करतो आहे. बंब, दोन गंगाळं, गुंड, पराती, कोपर, एक समई, अडकित्ते, देवघरातल्या मूर्ती. भंगारवाला सरसकट पितळेचा भाव देतोय. (वाचक, धंतोली)

सरसकट म्हणाला ना, तिथेच त्याला चहा पाजून वाटेला लावा. तांबं पितळेपेक्षा महाग असतं आणि तुमच्या यादीतला बंब बहुधा तांब्याचा आहे. त्याची लोखंडी जाळी आधी काढून ठेवा, नाहीतर वजनावरून वाद होतो.

पराती आणि कोपर खुशाल तराजूवर जाऊ द्या. यंत्रावर दाबलेलं भांडं कितीही जुनं असलं तरी त्याला धातूपलीकडे गिऱ्हाईक नाही. गंगाळाचं तसं नाही. ते उलटं करून उजेडात धरा. हातोडीचे ठोके ओळीनं उमटलेले दिसले, सांध्याला दात्यात दाता बसवलेला दिसला, तर ते तांबटाच्या हातचं. असली भांडी आता घरसजावटवाले आणि हॉटेलवाले नगावर घेतात, पाणी भरून फुलं सोडायला. बरोबर वापर आहे की नाही यावर मी बोलत नाही, भाव बरा देतात. काठावर आजीचं नाव आणि साल कोरलेलं असेल तर ते खोडायला लावू नका. पूर्वी आम्हीच अशा नावाला खोट समजून भाव पाडायचो. आज संग्राहक तेच आधी वाचतात.

अडकित्ते मुळीच मोडीत देऊ नका. घोडा, मोर, बाई-माणूस अशा आकाराचे असतील तर एकेकाचा वेगळा सौदा होतो. पातं लोखंडी आणि झिजलेलं, बिजागरी ढिली, हे चांगलं लक्षण. पातं धारदार कोरं आणि पितळ मात्र काळंकुट्ट असेल तर ते काळं कालच लावलेलं आहे.

मूर्तींचं थांबा. शंभर वर्षांच्या वरची धातूची मूर्ती ही १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते. तिची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी लागते, खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही, आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. अमेरिकेतल्या भाच्याला बॅगेतून देऊ असं मनात असेल तर विसरा.

हॉलमध्ये ठेवायला पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन पाहिला. जुना एचएमव्ही म्हणतात, कुत्र्याचं चित्रही आहे. घ्यावा का? (वाचक, प्रतापनगर)

शोभेला घ्या, जुना म्हणून घेऊ नका. असे शेकड्यानं बनतात: नवी लाकडी पेटी, नवा जाड पितळी कर्णा, चिकटवलेला कुत्रा, आणि आत कुठल्यातरी जुन्या पेटीग्रामोफोनचं काढलेलं यंत्र. गाणं ऐकायचं असेल तर सुटकेससारखी काळी पेटी शोधा, कर्णा झाकणाआड असलेली, एचएमव्हीचं १०२ नंबरचं मॉडेल. दिसायला साधी म्हणून भाव मवाळ आणि माल खरा. विकणाऱ्याला चावी भरून एक पूर्ण तबकडी वाजवायला सांगा. मध्येच सूर खाली घसरला तर स्प्रिंग थकली आहे. स्टीलची सुई दर बाजूला बदलायची. ती वाचवाल तर तबकडी जाईल. आणि एलपी तिच्यावर चुकूनही लावू नका, एका फेरीत खरवडून निघेल.

पणजोबा मालगुजार होते. त्यांच्या शिकारीतली वाघनखं सोन्यात मढवलेली आहेत, भिंतीवर सांबराची शिंगं आहेत. किंमत किती येईल? (वाचक, उमरेड)

शून्य. वन्यजीव कायद्याखाली वाघाच्या अवयवाची विक्री गुन्हा आहे. मालकीचं प्रमाणपत्र असलं तरी विकता येत नाही, आणि नसलं तर घरात ठेवणंसुद्धा अडचणीचं. पणजोबांच्या काळचं प्रमाणपत्र कागदांत शोधा. नसेल तर वकील गाठा आणि मग वनखात्याशी बोला. सोनाराकडे मढवणी सोडवायला नेऊ नका, फोटो कोणाला पाठवू नका. असंच पत्र तिसऱ्या कोणाच्या हाती पडलं असतं तर तुमची दिवाळी वेगळ्याच ठिकाणी गेली असती.

बीएनआर लिहिलेला रेल्वेचा कंदील मिळतोय. (वाचक, अजनी)

बंगाल-नागपूर रेल्वेचा, म्हणजे आपल्या नावाचा. मोह होणारच. कंपनी १८८७ ची. पण चकचकीत पितळी कंदिलावर ठळक उठावाची अक्षरं असतील तर माल नवा समजा. कामाचे कंदील बहुतेक पत्र्याचे, काजळी खाल्लेले, अक्षरं ठोकलेली. घेण्याआधी मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात एक चक्कर मारा, जुना रेल्वेचा माल कसा दिसतो ते डोळ्यांत बसेल. लिलावाची पावती मात्र मागा, रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्यावर वेगळा कायदा आहे.

ट्रॅक्टरची पाचची नोट आणि ७८६ ची नोट विकायची आहे. समोरचा आधी नोंदणीचे पैसे मागतो. जुन्या पाचशेच्याही काही नोटा आहेत. (वाचिका, गोधनी)

पैसे पाठवू नका. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच जाहीर केलं आहे की ती असल्या व्यवहारात नाही आणि कसलंही शुल्क घेत नाही. ट्रॅक्टरची नोट भाजीवाल्याला द्या, पाचच्या भावानं चालते. ७८६ ला हौशी माणूस चार पैसे जास्त देतो, लाख नाही. पाचशेच्या बंद नोटा मात्र आज मोजा. दहापेक्षा जास्त ठेवणं २०१७ च्या कायद्यानं गुन्हा आहे, अभ्यासक आणि संग्राहकांना पंचवीसपर्यंत मुभा. दंड दहा हजार किंवा नोटांच्या दर्शनी किमतीच्या पाचपट, जे जास्त असेल ते.