क्रूझचं नंतर बघू, आधी पत्नीची पॉलिसी परत करा

नाशिकहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. त्यांचं वय ६२, पत्नीचं ५८. अंबडच्या एका कारखान्यातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, तेव्हा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि आधीची बचत मिळून १ कोटी ५ लाख हाताशी होते. घर स्वतःचं, कर्ज नाही, मुलगी लग्न होऊन पुण्यात. ते लिहितात :

‘गंगापूर रोडच्या वायनरीत पाहुण्यांना नेऊन नेऊन आम्हालाच गोडी लागली. आता सप्टेंबरात डॅन्यूब नदीवरची आठ दिवसांची क्रूझ करायची आहे, पासाऊ ते बुडापेस्ट. वाटेत मेल्कचा मठ, वाखाऊचे द्राक्षमळे आणि इंग्लंडच्या राजा रिचर्डला कोंडला होता तो ड्युर्नश्टाइनचा किल्ला. दोघांचे साडेअकरा लाख. महिनाअखेर पूर्ण पैसे भरले तर, म्हणे, निम्म्या किमतीत मिळतंय. खालच्या डेकची केबिन घ्यावी की फ्रेंच बाल्कनीची? आणि पैसे एफडी मोडून द्यावे की पॉलिसीवर कर्ज काढून? माझ्या पॉलिसीचा कॅश बोनस पुढच्या वर्षीपासून सुरू होईल, त्यातून कर्ज फिटेल. बँकेतल्या साहेबांनी आता पत्नीच्या नावेही तशीच पॉलिसी दिली आहे, कागद बारा दिवसांपूर्वी ईमेलवर आले.’

शेवटचं वाक्य वाचलं आणि हे उत्तर इथे येण्याची वाट न बघता यांना त्याच दिवशी ईमेल केला. केबिन कुठे पळून जात नाही. ‘बारा दिवसांपूर्वी’ मात्र पळतंय.

आयुर्विम्याची पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. जेवढे दिवस विमा चालू होता तेवढ्याचा जोखीम-हप्ता, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि स्टॅम्प ड्यूटी कापून बाकी सगळे पैसे परत मिळतात. पत्नीच्या पहिल्या हप्त्याच्या चार लाखांतले काही हजार जातील, एवढंच. मुदत संपली की हेच चार लाख सोडवायला नाकी नऊ येतात. तेव्हा आजच पत्र लिहा. सही पत्नीची हवी, कारण पॉलिसी त्यांच्या नावे आहे. पत्र बँकेला नाही, विमा कंपनीला. ईमेल करा आणि शाखेत कागदी प्रत देऊन पोच घ्या. कारण एका ओळीत पुरतं : विकताना सांगितलेल्या अटी आणि छापलेल्या अटी वेगळ्या आहेत. बँकेतले साहेब ‘दोन दिवस थांबा, मी स्वतः घरी येतो’ म्हणतील. चहा पाजा, पण पत्र आधी पाठवा. हे दोन दिवस दोन आठवड्यांचे कसे होतात ते मी फार घरांत पाहिलंय.

आता एवढी घाई कशासाठी, ते आकड्यांत बघा. तुमची पॉलिसी वर्षाला ६ लाखांची, दहा वर्षं भरायची. दोन हप्ते, म्हणजे १२ लाख गेले. पत्नीची ४ लाखांची, तीही दहा वर्षं. एक हप्ता गेला. १ कोटी ५ लाखांतून हे १६ वजा केले की उरतात ८९ लाख : ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३०, एफडीत ४४, म्युच्युअल फंडात १५. आणि पुढे भरायचे किती? तुमचे आठ हप्ते ४८ लाख, पत्नीचे नऊ हप्ते ३६ लाख. बेरीज ८४.

हातात ८९ लाख आणि ८४ लाखांचा शब्द देऊन बसला आहात. व्याज क्षणभर बाजूला ठेवलं तर घर चालवायला उरतात ५ लाख. तुमचा महिन्याचा खर्च ४५ हजार. म्हणजे अकरा महिने.

आज हे जाणवत नाही, कारण व्याजात भागतंय. ज्येष्ठांच्या योजनेचे ८.२ टक्क्यांनी वर्षाला अडीच लाख, एफडीचे पावणेतीनच्या वर आणि ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतची, महिना साडेतीन हजारांची पेन्शन. सगळं मिळून पावणेसहा लाखांच्या जवळपास, खर्च ५ लाख ४०. छान जमलंय. फक्त हे व्याज ज्या मुद्दलावर येतं, तेच तुम्ही दरवर्षी दहा-दहा लाखांनी विमा कंपनीला द्यायचं कबूल केलंय. सहा वर्षांच्या आत एफडी आणि फंड दोन्ही रिकामे, आणि हप्ते तरी बाकीच.

साहेबांनी सांगितलं, पाच वर्षं भरा आणि सगळं काढून घ्या. हे वाक्य इतक्या बँकांत इतक्या ज्येष्ठांना ऐकवलं जातं की कुठल्यातरी प्रशिक्षणात शिकवत असावेत. पाचव्या वर्षी पॉलिसी सोडली तर किमान हमी असते भरलेल्या हप्त्यांच्या निम्म्याची. तीस लाख भरा, हमी पंधराची. पूर्ण फळ हवं तर मुदत वीस वर्षं, म्हणजे तुमच्या ८१व्या वर्षी. तेव्हा वाखाऊला जाणार आहात का?

आणि तो कॅश बोनस. तुमच्या सहीच्या बेनिफिट इलस्ट्रेशनमध्ये, म्हणजे किती मिळेल याच्या अंदाजी तक्त्यात, दोन रकाने आहेत, एक ४ टक्के गृहीत धरलेला आणि एक ८ टक्के. साहेबांनी पेनाने गोल केलाय तो ८ टक्क्यांच्या रकान्याला. यातला एकही रकाना आश्वासन नाही, तसं तिथेच बारीक अक्षरात छापलेलं असतं. ४ टक्क्यांचा रकाना बघा, बोनसचा आकडा केवढा बारीक होतो ते दिसेल. कंपनी बोनस जाहीर करेल तेव्हा मिळेल, करेल तेवढा मिळेल. त्याच्या भरवशावर कर्ज काढून सहल करायची हे ऐकून मला राग आवरावा लागला. पॉलिसीवर कर्ज हा विषय इथेच बंद.

साहेब पॉलिसी ‘करमुक्त’ म्हणाले, हेही अर्धसत्य. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा पॉलिसीचा वार्षिक हप्ता पाच लाखांवर असेल, तर भरल्यापेक्षा जास्त जे मिळेल ते करपात्र असतं. मृत्यूनंतर वारसाला मिळणारी रक्कम तेवढी सुटते. तुमच्या उत्पन्नाला आज कर फारसा लागणार नाही ही वेगळी गोष्ट, पण सहा लाखांची पॉलिसी करमुक्त म्हणून विकणाऱ्याला हा नियम ठाऊक नसेल असं मी मानत नाही.

पहिल्या पॉलिसीचं काय करायचं? फ्री-लूक केव्हाच संपला. कंपनीकडून लेखी दोन आकडे मागवा : आज सोडली तर किती मिळतात, आणि पुढचे हप्ते थांबवून पेड-अप केली, म्हणजे कमी रकमेवर तशीच चालू ठेवली, तर कधी आणि किती. दोन हप्त्यांनंतर नियमातली किमान हमी ३० टक्के, म्हणजे १२ लाखांतले ३ लाख ६० हजार. प्रत्यक्षात विशेष सरेंडर मूल्य, म्हणजे सोडताना कंपनी देते ती रक्कम, याहून जास्त असू शकतं. मी हिशेबाला पाच धरतो. सात लाख गेले, वाईट वाटेल. तरी तिसरा हप्ता भरू नका. सात वाचवायला अठ्ठेचाळीस घालायचे आणि एवढं करून अशा योजनांचा परतावा येतो पाच-सहा टक्के.

सोडण्याआधी तक्रार मात्र करा. प्रपोजल फॉर्मची प्रत मागवा आणि त्यात तुमचं उत्पन्न काय लिहिलंय ते पाहा. निवृत्त माणसाला सहा लाखांचा हप्ता बसवायचा तर फॉर्मवर त्याला ‘सल्लागार, वार्षिक उत्पन्न २५ लाख’ करावं लागतं. असं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय. पडताळणीच्या फोनवर ‘सगळ्याला हो म्हणा’ असा व्हॉट्सॲप आला असेल तर तो जपून ठेवा. आधी कंपनीकडे तक्रार, विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर नोंद, आणि ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधानकारक नाही तर विमा लोकपाल. लोकपालाकडे फी नाही, वकील लागत नाही. सात लाखांसाठी एवढा त्रास घ्याच.

पत्रात आरोग्य विम्याचा शब्दही नाही. कंपनीचा ग्रुप विमा निवृत्तीबरोबर गेला असणार. जीवनविम्याला वर्षाला दहा लाख आणि आरोग्याला शून्य! दोघांचा स्वतंत्र विमा या महिन्यात घ्या. बीपी, शुगर जे असेल ते लपवू नका. हप्ता महाग वाटेल. मी सध्या तुमच्या ४५ हजारांत तो बसवलाय, बसत नसेल तर कळवा.

आता सहल. पत्नीचे चार परत आले, तुमचे पाच सुटले, तर एकूण ९८ लाख. पेन्शन वजा जाता वर्षाला ५ लाख लागतात आणि ते महागाईबरोबर वाढणार. महागाई ६ टक्के, परतावा ८ टक्के धरला (यासाठी फंडातले पैसे फंडातच राहायला हवेत), तर ९८ लाख साधारण २५ वर्षं पुरतात. पत्नीच्या ८३ पर्यंत.

साडेअकरा लाखांची क्रूझ साडेअकरात होत नाही. मुंबईहून विमान, शेंगेन व्हिसा, प्रवास विमा, बोटीवरची टिप, आधीची एक हॉटेलची रात्र : चौदा धरा. वर टीसीएस, म्हणजे परदेश सहलीच्या पैशांवर आधीच घेतला जाणारा कर, कापला जाईल. तो विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. चौदा गेले की उरलेले पुरतात साधारण वीस-एकवीस वर्षं. म्हणजे पत्नीच्या ७९ पर्यंत. आठ दिवसांसाठी त्यांची चार वर्षं.

निम्म्या किमतीचं म्हणाल, तर नदी-क्रूझच्या जाहिरातीत पूर्ण किंमत मी क्वचितच पाहिली आहे. आणि पूर्ण पैसे आधी भरण्यात धोका पाण्याचा आहे. डॅन्यूबवर बऱ्याच ठिकाणी धरणं आणि बोटी चढवा-उतरवायचे लॉक आहेत, तिथे पाण्याची पातळी राखली जाते. वाखाऊचा, मेल्क ते क्रेम्स हा सुमारे ३५ किलोमीटरचा पट्टा मात्र मोकळा वाहतो. म्हणजे ज्याच्यासाठी तुम्ही जाताय नेमका तोच भाग दुष्काळात उथळ होतो. २०१८ आणि २०२२ च्या उन्हाळ्यात युरोपातल्या नद्या आटल्या आणि प्रवाशांना बसने फिरावं लागलं. २०२४ च्या सप्टेंबरात उलट पूर आला. अशा वेळी मार्ग बदलायचा हक्क कंपनी करारात राखून ठेवते, परताव्याचं कलम शोधून वाचा.

माझं मत : जा, पण क्रूझने नको आणि या सप्टेंबरात नको. पुढच्या वर्षी, पत्नीचे चार लाख खात्यात जमा झाल्यावर. व्हिएन्नात चार रात्री, क्रेम्सला दोन-तीन, बुडापेस्टला तीन. व्हिएन्नाहून मेल्क रेल्वेने तासाभरावर आहे. मेल्कहून क्रेम्सला एप्रिल ते ऑक्टोबर साध्या प्रवासी बोटी चालतात, क्रूझची बोट जाते त्याच पाण्यातून, दोघांचं तिकीट दहा हजारांच्या आतबाहेर. मध्ये ड्युर्नश्टाइनला उतरा. रिचर्ड ११९२ च्या डिसेंबरात पकडला गेला आणि सुटकेला दीड लाख मार्क चांदी ठरली. सरेंडरचे दर तेव्हाही जाचकच होते. क्रूझवाल्यांना तिथे थोडाच वेळ मिळतो, तुम्हाला संध्याकाळ मिळेल. दारावर फांदी टांगलेली दिसली की द्राक्षबागायतदाराचं घरगुती मद्यालय उघडं आहे असं समजा. तिथे ग्रुनर वेल्टलिनर ही तिथली पांढरी वाइन प्या, हंगाम वेचणीचाच असेल. सगळं मिळून सहा लाखांत बसतं आणि २५ ची २३ वर्षं होतात. ही दोन वर्षं खर्च करायला माझी हरकत नाही.

आणि क्रूझच करायची असं ठरलंच, तर केबिन खालच्या डेकची घ्या. खिडकी उघडत नाही, पाण्याच्या जवळ असते. पण फ्रेंच बाल्कनी म्हणजे सरकतं दार आणि कठडा, खुर्ची टाकायला जागा नसते. वाखाऊतून जाताना सगळे वरच्या डेकवरच असतात, आणि धक्क्याला दोन-तीन बोटी एकमेकींना चिकटून उभ्या राहतात तेव्हा बाल्कनीतून दिसते ती शेजारच्या बोटीतली केबिन. विमानाचं तिकीट कसंही गेलात तरी जाताना व्हिएन्ना आणि येताना बुडापेस्टहून काढा, म्हणजे परत उलटं यायचा एक दिवस आणि रेल्वेचे पैसे वाचतील.