पाऊस नाही, मग तळघरात पाणी कुठून?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही इंदिरानगरला राहतो. मुलगा आणि सून कॅनडात, टोरांटोजवळ मिसिसागाला असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तिथे जुनं घर घेतलं, खाली मोठं तळघर आहे. गेल्या मार्चमध्ये चार दिवस चांगलं ऊन पडलं, अंगणातला बर्फ वितळला आणि तळघरात घोट्याएवढं पाणी झालं. पावसाचा थेंब नव्हता. मी शिवून दिलेल्या गोधड्या, सुनेच्या दोन पैठण्या ठेवलेलं खोकं, सगळं भिजलं. गालिचा फेकावा लागला. मुलगा आता म्हणतो, आतून भिंतींना वॉटरप्रूफिंग करून घेतो. एका माणसाने बारा हजार डॉलर सांगितलेत. आम्ही दोघं ऑक्टोबरअखेर सहा महिन्यांसाठी तिकडे चाललोय. यांचं म्हणणं, ‘आपण नाशिकची माणसं, आपल्याला बर्फातलं काय कळतं? गप्प बसावं.’ गप्प बसावं का?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : मुळीच गप्प बसू नका. बर्फ कळत नसेल, पाणी तर कळतं. तीस वर्षं मी या शहरात गच्च्या, टाक्या आणि बेसमेंटच्या गळत्या शोधत फिरले. मुलाला आधी एवढंच सांगा, की बारा हजार डॉलर इतक्यात कुणाच्या हातावर ठेवू नकोस.

पाऊस नव्हता हे अर्धंच खरं. तो डिसेंबरपासून पडतच होता, फक्त वाहून जात नव्हता. आपल्याकडे जुलैतलं पाणी संध्याकाळपर्यंत नासर्डी नदीला लागतं. तिकडे तीन-चार महिन्यांचं पाणी अंगणात थप्पी लावून बसतं. ढोबळ हिशेब असा, की १० इंच ताजा बर्फ म्हणजे १ इंच पाणी. दबून बसलेल्या जुन्या बर्फात त्याहून जास्त. १०० चौरस मीटरच्या छपरावर फूटभर ताजा बर्फ असेल, तर वितळल्यावर सुमारे ३,००० लिटर पाणी होतं. आपला दहा हजारी टँकर जवळजवळ एकतृतीयांश रिकामा करावा, तोही भिंतीच्या पायथ्याशी, तसं ते. शिवाय गाडी काढण्यासाठी फावड्याने ओढलेला बर्फ लोक सोयीचं म्हणून घराच्या भिंतीलाच रचतात.

जमिनीने हे पाणी पिऊन का टाकलं नाही? कारण ती खाली गोठलेली असते. वरची दोन-चार बोटं मऊ, त्याखाली दगड. आपल्याकडे पातळ मातीखाली काळा पाषाण लागला की पाणी आडवं पळतं, अगदी तसं. आणि ते घराकडेच का येतं? भिंतीलगतची माती घराच्या उबेने आधी सुटते. पाया खणून झाल्यावर परत भरलेली ती माती मुळातच सैल असते, वर्षानुवर्षं दबत जाते आणि भिंतीभोवती चर पडतो. झाडाला आळं करतो ना, तसं त्या घराला पाण्याचं आळं झालेलं असतं.

आता आतून कोट का नको ते. बाहेर एक मीटर पाणी उभं राहिलं, की तळाशी भिंतीच्या चौरस मीटरला एक टनाचा रेटा येतो. आतल्या थराला तो रेटा भिंतीपासून सोडवायला बघतो. फुगे येतात, पापुद्रे सुटतात. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तो सांधा तर तसाच राहतो, आणि पाणी बहुतेक वेळा तिथूनच आलेलं असतं. एखादी ठरावीक भेग असेल तर तिच्यात पॉलियुरेथेनचं इंजेक्शन जरूर द्यावं. पण अख्ख्या भिंती रंगवणं म्हणजे गच्ची गळते म्हणून खालून पीओपी करून घेणं झालं. नाशकात असं करणारे मी पाहिलेत, आणि पुढच्या श्रावणात पीओपी डोक्यावर आल्यावर त्यांचे फोनही घेतलेत.

ही पुस्तकी अक्कल नव्हे. २०१८च्या फेब्रुवारीत मी लेकीच्या बाळंतपणासाठी तिकडेच होते. बर्फ वितळायला लागला, वर पाऊसही आला. त्याच आठवड्यात ब्रँटफर्डला ग्रँड नदीत बर्फाचे तुकडे अडकून पूर आला, हजारो लोकांना घरं सोडावी लागली. लेकीच्या घरापासून नदी लांब, म्हणून आम्ही निवांत. तळघराच्या कोपऱ्यात एक खड्डा असतो, त्याला आपल्यासारखंच संप म्हणतात. त्यात भिंतीभोवतीच्या पाइपांतून पाणी जमतं आणि पंप ते बाहेर फेकतो. तर त्या दिवशी संपाच्या पंपानेच संप केला. मोटर घुमतेय, पाणी मात्र इंचभर हलत नाही. जावई म्हणाले, मोटर जळाली, नवी आणतो. मी आपली नाशिकची बोअरवाली, म्हटलं एअर धरली असेल. दोघंही चुकलो. बाहेर गेले तर पंपाच्या पाइपाचं तोंड बर्फाच्या ढिगाखाली, आत बर्फाचं बूच. लेकीचं जाकीट, पायात जावयांचे बूट आणि हातात उलथनं अशा अवतारात मी ते तोंड मोकळं केलं, वर दोन किटल्या गरम पाणी ओतलं. भक्कन पाणी सुटलं. रस्त्याच्या पलीकडची एक म्हातारी खिडकीतून सगळं बघत होती.

म्हणून तुम्ही ऑक्टोबरअखेर जाताय ते उत्तम. पानं गळून झालेली असतील. पन्हळी साफ करून घ्या. पन्हळीचा उभा पाइप जिथे जमिनीशी संपतो तिथून पुढे दोन मीटर तरी तुकडा जोडा, शेजाऱ्याच्या भिंतीकडे नव्हे, रस्त्याच्या उताराकडे. मग मुलाला भिंतीलगतच्या चरात माती भरायला लावा. वाळू नको, चिकण माती. पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार बाहेरच्या बाजूला मिळाला पाहिजे. तळघराच्या खिडक्यांना बाहेरून अर्धगोल खड्डे असतात, त्यांतला पाला काढा आणि वर प्लास्टिकची झाकणं बसवा. संपमध्ये बादलीभर पाणी ओतून पंप आपोआप सुरू होतो का ते पाहा. त्याचा तरंगता गोळा कडेला अडकला की पंप सुरूच होत नाही, हे आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखंच. वादळात वीज जाते तेव्हाच पंप लागतो, म्हणून बॅटरीवर चालणारा दुसरा पंप घ्यायला मी नक्की सांगेन. या सगळ्याला मिळूनही बारा हजार लागत नाहीत.

जानेवारीत एकच काम: भिंतीपासून पाच-सहा फुटांतला बर्फ फावड्याने दूर सारायचा. ते मुलाने करावं, तुमच्या ‘यांनी’ नव्हे. साठीनंतर गारठ्यात फावडं मारणं हृदयाला महागात पडतं. घरापुढच्या रस्त्यावरच्या गटाराची जाळी बर्फाखाली कुठे आहे तेही बर्फ पडायच्या आधीच हेरून ठेवा, म्हणजे वितळताना ती मोकळी करता येईल.

इतकं करूनही पाणी आलंच तर धावत खाली उतरू नका. तिकडे विजेचा मुख्य बोर्ड बहुधा तळघरातच असतो. पाणी प्लगपर्यंत किंवा बोर्डपर्यंत पोचलं असेल तर वीज कंपनीला फोन करून बाहेरून पुरवठा बंद करून घ्यायचा, मगच पाय ठेवायचा. पाणी कंबरेएवढं असेल तर एका दमात उपसायचंही नाही. बाहेरचं पाणी अजून भिंतीला रेटत असतं, आतला आधार एकदम काढला तर भिंत आत येऊ शकते. थोडं उपसायचं, खूण करायची, थांबायचं. तुमच्याकडे घोट्याएवढंच होतं, तेव्हा हे फक्त माहितीसाठी.

एक गोष्ट मात्र मुलाला आजच विचारा: पाणी नितळ होतं की घाण वासाचं, आणि भिंतीच्या कडेने आलं की फरशीतल्या जाळीतून? जाळीतून घाण पाणी आलं असेल तर माझं वरचं सगळं उत्तर बाजूला ठेवा. ते बर्फाच्या पाण्याने तुडुंब भरलेलं ड्रेनेज उलटं आलेलं आहे. त्याला उपाय उलटं पाणी रोखणारा व्हॉल्व्ह, परवानाधारक प्लंबरकडून. आणि त्या वेळात घरात फ्लश, वॉशिंग मशीन काही चालवायचं नाही, नाहीतर तुमचंच पाणी तुमच्याच तळघरात. मला हे २०१९च्या ४ ऑगस्टला गंगापूर रोडवरच्या आमच्याच सोसायटीत दिसलं. तिकडे रामकुंडावर, ज्याच्यावरून गोदावरीचा पूर मोजतात तो दुतोंड्या मारुती पाण्यात, म्हणून आमचे चेअरमन रॅम्पवर सिमेंटच्या गोण्या रचून गोदामाईची वाट बघत उभे. ती रॅम्पने आलीच नाही. पार्किंगच्या मागच्या चेंबरमधून आली, चार स्कूटर बुडवून.

पाणी गेल्यावर एक-दोन दिवसांत सगळं कोरडं झालं नाही तर बुरशी धरते. तिकडच्या आतल्या भिंती आपल्या पीओपीच्या पाट्यांसारख्या असतात आणि वातीसारखं पाणी वर ओढतात. भिजलेला भाग ओलीच्या वरपर्यंत कापून काढावाच लागतो. त्यावर रंग मारला असेल तर यंदा खरवडून बघा.

विम्याचे कागद मुलाने स्वतः वाचावेत. नेहमीच्या गृहविम्यात असं बाहेरून आत आलेलं पाणी आणि ड्रेनेजचं उलटं पाणी बहुधा धरलेलं नसतं, दोन्ही वेगळे पैसे भरून जोडून घ्यावे लागतात. टोरांटो शहर तर पंप आणि व्हॉल्व्ह बसवायला अनुदान देतं. मुलाने आपल्या महापालिकेत चौकशी करावी, फुकटचं सोडू नये.

पैठण्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण राहवत नाही. जरतार खरी असेल तर दुमडून ठेवलेल्या घड्या आधी सोडवा, सावलीत वाळवा, आणि येताना इकडे घेऊन या. येवल्याच्या विणकराला दाखवल्याशिवाय ड्रायक्लीनरकडे टाकू नका.

प्रश्न : आमची सोसायटी मखमलाबाद शिवारात, डाव्या कालव्यापासून जवळ. पावसाळ्यात बेसमेंट कोरडं असतं, पण हिवाळ्यात एका कोपऱ्यात पाणी झिरपतं. बिल्डर म्हणतो, जमिनीतला झरा आहे.
— एक सचिव, मखमलाबाद

उत्तर : पावसाळ्यात आटणारा आणि थंडीत फुटणारा झरा मी तरी पाहिला नाही. रब्बीचं आवर्तन सुटतं त्या तारखा आणि तुमच्या ओलीच्या तारखा एका वहीत शेजारी-शेजारी लिहा. कालवा सुरू झाल्यावर काही दिवसांनी ओल, बंद झाल्यावर काही दिवसांनी कोरडं, असं दोन आवर्तनांत दिसलं तर कालव्याचाच पाझर. मग बेसमेंटच्या बाहेरून चर खणून, खडी आणि छिद्रांचा पाइप घालून पाणी वळवावं लागेल. जुळलं नाही तर जमिनीखालच्या टाकीवर संशय घ्या. रात्री सगळ्यांची वापराची मोटर आणि नळाचं येणं बंद करा, पातळीला खडूने खूण करा, सकाळी सहाला बघा. खडू पुसला जातो म्हणून दोन ठिकाणी करा.