प्रवासाचं विचारा : इंकांचे दगड, वीस डॉलरची टूर आणि बाबांचा गुडघा

प्रश्न : आम्ही डॅलसला असतो. आई-बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेत, बाबा 68, आई 63. जूनमध्ये आम्ही चौघं आठवडाभर पेरूला चाललोय (बाबा फोनवर सगळ्यांना सांगतायत की पेरू खायला चाललोय). माचू पिचूची तिकिटं काढून झालीत, पण त्याच्या आधी कुस्को शहरातून एका दिवसात इंकांचे, म्हणजे स्पॅनिशांच्या आधीच्या तिथल्या राज्यकर्त्यांचे, बाकीचे अवशेष दाखवणारी टूर करायचीय. ऑनलाइन बघितलं तर साधारण तीच टूर कुणी वीस डॉलरला देतंय, कुणी दीडशेला. एवढा फरक कसला? स्वस्तातली घेतली तर फसू का? बाबा आयुष्यभर अजिंक्यताऱ्यावर चढलेत, किल्ल्यांचं वेड आहे, पण आता गुडघा कुरकुरतो.

उत्तर : फसणार नाही हो, पण दमाल. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अशीच सगळ्यात स्वस्त टूर घेतली होती, नाव सांगत नाही कारण सगळ्यांची तऱ्हा तीच आहे. सकाळी पावणेसातला हॉटेलच्या दारात उभं राहायला सांगितलं, व्हॅन आली साडेसातला, मग शहरभर फिरून बाकीची माणसं गोळा करण्यात पाऊण तास गेला. गाइड चांगला होता बिचारा, पण गाडीत निम्मे स्पॅनिशवाले, निम्मे इंग्रजीवाले, त्यामुळे प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची, म्हणजे आपल्या वाट्याला अर्धाच वेळ. पिसाकला चाळीस मिनिटं दिली आणि त्यानंतर चांदीच्या दागिन्यांच्या दुकानात पस्तीस मिनिटं! मी घड्याळ लावून बघितलं होतं म्हणून सांगतो. संध्याकाळी चिंचेरोला पोचलो तेव्हा अंधारायला लागलं होतं, तिथल्या इंकांच्या भिंती मी मोबाइलच्या टॉर्चवर बघितल्यात.

तर फरक असतो तो इथे. वीस-पंचवीस डॉलरवाल्या ग्रुप टूरमध्ये बसचं सीट, गाइड आणि कधीकधी उरुबाम्बाच्या हॉटेलातलं बुफे जेवण एवढं येतं. स्थळांची तिकिटं त्यात धरलेली नसतात, आणि हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तिथे सुट्टं तिकीट नाही, 'बोलेतो तुरिस्तिको' नावाचं एकत्र तिकीट घ्यावं लागतं. दहा दिवस चालणारं, सोळा ठिकाणांचं पूर्ण तिकीट 130 सोल (तिकडचं चलन). फक्त उरुबाम्बा नदीच्या खोऱ्यातली चार ठिकाणं (पिसाक, ओयांताईताम्बो, चिंचेरो, मोराय) बघायची तर 70 सोलचं अर्धं तिकीट, ते दोन दिवस चालतं. डॉलरला साडेतीन सोलच्या आसपास धरा. म्हणजे बसभाड्याइतकंच तिकीट, वीस डॉलरची टूर चाळीसला गेली की नाही? आणि मारासची मिठागरं यादीत असतील तर त्याचे पैसे आणखी वेगळे, ती गावकऱ्यांच्या मालकीची आहेत.

आता माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. टूर निवडताना किती ठिकाणं दाखवतात ते मोजूच नका, प्रत्येक ठिकाणी पायावर किती वेळ देतात ते विचारा. 'सुपर व्हॅली' म्हणून एक प्रकार निघालाय, त्यात एका दिवसात चिंचेरो, मोराय, मारास, ओयांताईताम्बो, पिसाक सगळं कोंबतात. अष्टविनायक एका दिवसात केल्यासारखं. देव दिसतो, पण देवळातून बाहेर पडताना कुठलं गाव होतं ते आठवत नाही.

तुम्ही चौघं आहात हे तुमच्या पथ्यावर आहे. चौघांचं ग्रुप टूरचं भाडं तीनशे सोलच्या आसपास जाईल आणि जवळपास तेवढ्यातच ड्रायव्हरसकट गाडी दिवसभरासाठी ठरवता येते. कुस्कोत हॉटेलवाल्याला विचारा, दोन-तीन ठिकाणी भाव काढा. गाइडचे पैसे वर जातील, पण तो दिवसभर घ्यायची गरज नाही, पिसाक आणि ओयांताईताम्बोच्या गेटवर लायसन्सवाले गाइड उभे असतात, तिथल्यापुरता ठरवा, चढायच्या आधी भाव नक्की करा, कार्ड बघायला मागा, ते दाखवतात. असं केलं तर दुकानात थांबणं बंद, बाबांना वाटेल तिथे बसता येईल, आणि आईला बाथरूमला जायचंय हे चौदा अनोळखी माणसांना सांगावं लागणार नाही.

ठिकाणं दोनच करा, पिसाक आणि ओयांताईताम्बो.

पिसाकला गाडी पार वरच्या गेटपर्यंत जाते, त्यामुळे चढ वाचतो. समोर डोंगराच्या कुशीत शेताच्या पायऱ्या, एकाखाली एक, आणि पलीकडच्या कड्यात भोकंच भोकं दिसतात, ती इंकांची थडगी, बहुतेक सगळी फोडून लुटलेली. ग्रुप टूर इथूनच परत फिरते. खरी मजा पुढे आहे, कड्याच्या कडेने वाट जाते आणि इंतिवातानाच्या देवळांपाशी पोचते, तिथला दगड बघा, सांध्यात सुरीचं पातं जात नाही म्हणतात ते हेच. जाऊन-येऊन तास-दीड तास, वाट अरुंद आहे, पायऱ्या आहेत, बाबांच्या गुडघ्याचा अंदाज बघून ठरवा.

ओयांताईताम्बो मात्र बाबांना चुकवू नका. 1537 मध्ये मांको इंका या राजाने इथे एर्नांदो पिसारोच्या स्पॅनिश फौजेला हरवून पळवून लावलं. वरून दगड-बाणांचा मारा आणि खाली नदीचं पाणी वळवून मैदानात सोडलं, घोडे चिखलात रुतले. घोडा आणि लोखंड ज्यांच्याकडे नव्हतं त्यांनी घोडेस्वारांना असं मागे रेटलं, ही गोष्ट सातारच्या माणसाला वेगळी समजवायला नको. वर जायला दोनेकशे पायऱ्या आहेत, उंच उंच, कठडा नाही. बाबा थांबत थांबत जातील, कारण वर सहा प्रचंड गुलाबी शिळा एका ओळीत उभ्या आहेत, सूर्यमंदिराच्या, काम अर्धवट राहिलेलं. त्या शिळा नदीच्या पलीकडच्या डोंगरातल्या खाणीतून आणल्यात, खाली उतरवून, नदी ओलांडून, परत वर चढवून, चाक नाही, बैल नाही. वाटेत काही शिळा तशाच पडून राहिल्यात, त्यांना तिथे 'थकलेले दगड' म्हणतात.

गाइड तुम्हाला सांगेल की इंका लोक कुठल्याशा झाडाच्या रसाने दगड मऊ करायचे. हसून मान डोलवा. जाँ-पिएर प्रोत्झेन नावाच्या वास्तुतज्ज्ञाने स्वतः इंकांच्या एका खाणीत बसून टणक गोट्यांनी ठोकून ठोकून बघितलं आणि दगड तसा घडतो हे दाखवून दिलं. आपली हेमाडपंती देवळं चुन्याशिवाय उभी आहेतच की, फरक इतकाच की आपल्या पाथरवटाच्या हातात लोखंडी छिन्नी होती.

आईला चढायचं नसेल तर खालीच सपाटीला पाण्याची कोरीव कुंडं आहेत आणि गेटबाहेरचं गाव अजून इंकांच्याच आखणीवर उभं आहे, गल्लीतून पाटाचं पाणी वाहतं, तिथे बसायला छान.

आणि आता खरी पैसे वाचवायची गोष्ट. माचू पिचूच्या बहुतेक रेल्वेगाड्या ओयांताईताम्बोहूनच सुटतात. दिवस तिथेच संपवा, कुस्कोला परत जाऊन दुसऱ्या पहाटे तोच दीड-दोन तासांचा रस्ता कशाला करायचा? संध्याकाळची गाडी पकडा किंवा रात्री तिथेच राहा. रेल्वेत छोटी बॅगच चालते, मोठ्या बॅगा कुस्कोच्या हॉटेलात ठेवून द्या, सगळे ठेवून घेतात.

व्हिसाचं तुम्ही विचारलं नाही पण सांगतो, भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा असेल आणि त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक असेल तर पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. आई-बाबांच्या व्हिसाची तारीख आजच बघा. आणि 24 जूनला कुस्कोत इंती राइमीचा, म्हणजे इंकांच्या सूर्याच्या सणाचा, सोहळा असतो, बघायला भारी पण त्या आठवड्यात हॉटेलचे भाव विचारू नका.

प्रश्न : कुस्को खूप उंचावर आहे म्हणतात. पहिल्याच दिवशी टूर घेतली तर चालेल का? आणि तो कोकाचा चहा खरंच लागू पडतो का? (डोंबिवली)

उत्तर : पहिल्या दिवशी नको. कुस्को 3400 मीटरवर आहे, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी थोडं वर उरतं, आणि तुम्ही राजधानी लिमाहून समुद्रसपाटीवरून सव्वा तासात विमानाने तिथे टपकता. डोकं ठणकतं, मळमळतं, जिना चढला तरी धाप लागते. यावर सगळ्यात चांगला उपाय फुकट आहे : विमानतळावरून थेट खोऱ्यात उतरा, ओयांताईताम्बो 2800च्या आसपास आहे, दोन रात्री तिथे काढा आणि मग कुस्कोला या. चिंचेरो कुस्कोपेक्षाही उंच आहे, 3700च्या वर, ते शेवटी ठेवा. बीपी, हृदय, दमा यातलं काही असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, उंचीसाठीची गोळी सुद्धा त्यांनाच विचारून, मैत्रिणीने घेतली म्हणून नाही.

कोकाचा चहा हॉटेलात फुकट ठेवलेला असतो, तरतरी येते, चव साधारण गवती चहा आणि वाळलेलं गवत यांच्या मधली. पण एक लक्षात ठेवा, त्याने ड्रग टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते, नोकरीत टेस्ट होत असेल तर लांब राहा. आणि आठवण म्हणून पुडी बॅगेत टाकून भारतात किंवा अमेरिकेत आणू नका, दोन्हीकडे बेकायदा आहे.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, माझी एकादशीही असते. टूरच्या जेवणात काही मिळेल का? (नाशिक)

उत्तर : ताई, तुमचं उपवासाचं अर्धं ताट तिकडूनच आलंय. बटाट्याची शेती मुळात त्याच अँडीज डोंगरातली, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, साबुदाणा ज्या कंदापासून करतात तोही, आणि राजगिऱ्याचा भाऊ तिथे 'किविचा' नावाने बाजारात मिळतो, लाह्यासुद्धा. त्यामुळे उपाशी राहणार नाही. बुफेत उकडलेले बटाटे चार रंगांचे असतात, मोठ्या दाण्यांचा मका चीजच्या तुकड्याबरोबर मिळतो, किनवाचं सूप असतं (सूप कशाच्या पाण्यात केलंय ते मात्र विचारा, बहुतेक वेळा कोंबडीच्या). नुसतं 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको म्हणून भागत नाही, चिकनला बरेच जण मांसात धरतच नाहीत, म्हणून 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' (मांस नको, कोंबडी नको, मासा नको) असं सगळं म्हणायचं. वाटेत काठीला लावून काहीतरी भाजत ठेवलेलं दिसेल, ते गिनीपिग, तिकडची मानाची डिश. नजर फिरवा आणि जांभळ्या मक्याचं सरबत प्या, चिचा मोरादा, फार छान लागतं.

प्रश्न : मी एकटा, बजेट अगदी टाइट. टूर न घेता जमेल का? (कोथरूड)

उत्तर : मस्त जमेल. कुस्कोतल्या पुपुती रस्त्यावरून पिसाकच्या आणि पावितोस रस्त्यावरून ओयांताईताम्बोच्या शेअर व्हॅन सुटतात, आपल्या वडापसारख्याच, भरली की निघाली, दहा-पंधरा सोलमध्ये काम होतं. शहराजवळचे अवशेष तर चालतच कर : टॅक्सीने वर ताम्बोमाचायला जा आणि तिथून पुका पुकारा, केंको असं उताराने चालत साक्सायवामानला ये, सगळ्या वाटेत चढ जवळजवळ नाही, शेवटी खाली शहर दिसतं. साक्सायवामानच्या नागमोडी तटातले काही दगड शंभर टनांच्या वरचे आहेत, आणि स्पॅनिशांनी तिथले झेपतील ते दगड काढून नेऊन खाली आपली घरं-चर्च बांधली, तरी एवढं उरलंय. त्यासाठी शहराजवळच्या या चार ठिकाणांचं 70 सोलचं वेगळं अर्धं तिकीट, ते एकच दिवस चालतं. चारही दिशांना जायचं असेल तर सरळ 130वालं घे.

मात्र साक्सायवामानला तरी गाइड कर, तिथे इतर तीन-चार जण एकटेच उभे असतात, त्यांच्याबरोबर वाटून घे. पाट्यांवर फारसं काही लिहिलेलं नाही आणि गाइडशिवाय ते नुसते मोठे दगडच वाटतात. टिप म्हणून दहा-वीस सोल दिले तर माणूस खूश होतो. आणि एक-एक सोलची नाणी खिशात सुटी ठेव, टॉयलेटवाल्या मावशी शंभरची नोट बघून जो चेहरा करतात तो इंकांच्या दगडाहून कडक असतो.