पियानो मागे का राहिला?

प्रश्न : मुंबईतल्या एका कार्यक्रमात रखमानिनॉव्ह या रशियन संगीतकाराचा दुसरा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) ऐकला. पियानोची एकट्याची सुरुवात ऐकून अंगावर काटा आला. पण मग ऑर्केस्ट्रा सुरू झाला आणि पियानो धड ऐकूच येईना. वादक कमी पडला, की हॉलमध्ये दोष होता? नंतर चायकोव्हस्कीची पाचवी सिम्फनी (ऑर्केस्ट्रासाठीची अनेक भागांची मोठी रचना) होती. ती संपली म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या, तर वादन पुन्हा सुरू! – एक वाचक, ठाणे

उत्तर : वादकाला बोल लावू नका. तुम्ही ऐकलंत ते बरोबर ऐकलंत, कारण ते लिहिलंच तसं आहे. सुरुवातीच्या कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे अनेक सूर) अगदी हळू आवाजापासून चढत जातात, प्रत्येकीनंतर खाली खर्जाचा ठोका. मग मुख्य सुरावट व्हायोलिन, व्हिओला आणि क्लॅरिनेट उचलतात आणि पियानो साथीला जातो. बोटं मात्र तेव्हाही सतत धावत असतात! रखमानिनॉव्ह स्वतः अव्वल पियानोवादक. १९०१ साली मॉस्कोत हा कॉन्चेर्टो पहिल्यांदा संपूर्ण वाजला, तेव्हा पियानोवर तोच होता. तरी त्याने पहिली सुरावट दुसऱ्यांना दिली, याचं मला फार अप्रूप वाटतं. (१८९७ मध्ये पहिली सिम्फनी सपशेल पडल्यावर त्याचं लिहिणं जवळजवळ थांबलं होतं. ज्यांच्या उपचारांनी तो सावरला, त्या डॉक्टर निकोलाय डाल यांना हा कॉन्चेर्टो अर्पण केलेला आहे.)

पुन्हा ऐकाल तेव्हा दुसऱ्या भागाकडे कान द्या. पियानो संथपणे सूर उलगडत असतो, त्यावर आधी फ्लूट येते, मग क्लॅरिनेट गाऊ लागतं. थोड्या वेळाने तीच सुरावट पियानोकडे येते आणि साथ क्लॅरिनेट-व्हायोलिनकडे जाते. ही अदलाबदल ऐकू आली की पहिल्या भागाबद्दलची तक्रार उरणार नाही. तिकीट डाव्या बाजूचं घ्या, वादकाचे हात दिसतात.

टाळ्यांचं मनाला लावून घेऊ नका. चायकोव्हस्कीच्या त्या जागी जगभरचे श्रोते फसतात. सगळा ऑर्केस्ट्रा दणदणीत थांबतो खरा, पण तो मुक्काम नव्हे. सिम्फनीच्या आरंभी क्लॅरिनेटवर मायनरमध्ये (उदास छटेच्या स्वरांत), दबक्या आवाजात आलेली सुरावट त्यानंतर मेजरमध्ये (उजळ छटेच्या स्वरांत), ताठ मानेने चालत येते. तिच्या पहिल्या सुरांवर टाळ्या पडू नयेत, एवढ्यासाठी कंडक्टरचे, म्हणजे ऑर्केस्ट्राला इशारे देणाऱ्याचे, हात खाली येईपर्यंत थांबा.