वाचकांचे प्रश्न : मॉरिशस तटरक्षक दलाच्या बोटी आणि विमाने

गेल्या अंकात मॉरिशसच्या नॅशनल कोस्ट गार्डवर एक छोटे टिपण आले होते. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. बोटी हाकणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांना मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : मॉरिशसला लष्करच नाही असे वाचले. मग तोफ बसवलेल्या गस्ती नौका कोणाच्या? आणि त्यांतल्या काही गोव्यात बांधल्या हे खरे का? (एक वाचक, पुणे)

खरे आहे. मॉरिशसला खडे सैन्य नाही. समुद्राची राखण करणारे नॅशनल कोस्ट गार्ड १९८७ मध्ये उभे राहिले. ते मॉरिशस पोलीस दलाचाच भाग आहे. त्याचे प्रमुखपद परंपरेने भारतीय नौदलाच्या प्रतिनियुक्तीवरील अधिकाऱ्याकडे असते.

सर्वांत मोठी नौका ‘बॅराकुडा’. लांबी ७४ मीटर, वजन सुमारे १,३५० टन. ती कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधली आणि १२ मार्च २०१५ रोजी, म्हणजे मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनी, सेवेत दाखल झाली. निर्यातीसाठी भारतात बांधलेली ही पहिली युद्धनौका. त्यानंतर वास्कोच्या गोवा शिपयार्डमधून ‘व्हिक्टरी’ आणि ‘व्हॅलिअंट’ या सुमारे ५० मीटरच्या दोन वेगवान गस्ती नौका आणि ११ इंटरसेप्टर बोटी गेल्या. हवेत कानपूरला बनलेली डॉर्नियर २२८ विमाने आहेत, आणि पोलिसांच्या हेलिकॉप्टर तुकडीत चेतक व ध्रुव.

आकडे छोटे आहेत, पण राखायचे पाणी सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर आहे. रॉड्रिग्ज बेट ५६० किलोमीटर पूर्वेला, अगालेगा बेटे ११०० किलोमीटर उत्तरेला. बॅराकुडा बारा नॉटने, म्हणजे ताशी २२ किलोमीटरने निघाली तर अगालेगाला पोचायला दोन दिवस लागतात. डॉर्नियरला तीन-साडेतीन तास पुरतात. म्हणून अशा दलाबद्दल विचारताना बोटी किती आहेत याआधी आज सकाळी त्यांतल्या किती सुरू होतील, हे विचारायला हवे. एक विमान दुरुस्तीला गेले की नजरेखालचा केवढा तरी समुद्र सुटतो.

प्रश्न : किनाऱ्यावरच्या चौक्यांमध्ये आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या काठावर बाहेरून लावलेल्या, मशीनच्या रबरी बोटी असतात. आमचीही पर्यटकांची बोट आउटबोर्डवर चालते. मशीन दोन हंगामांत गरम व्हायला लागते. सरकारी दले ती कशी टिकवतात? (एक बोटमालक, मालवण)

त्यांची मशीन वेगळी नसतात. फरक असतो तो बोट किनाऱ्याला लागल्यानंतरच्या अर्ध्या तासात.

मशीन गरम होण्याची कारणे बहुधा तीनच. पहिले, पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पाकळ्यांचे चाक. तो पाण्यावरच वंगण घेतो. बोट वाळूवर ओढलेली असताना ‘चालू होते का बघू’ म्हणून कोरडे मशीन फिरवले की काही सेकंदांत त्याच्या पाकळ्या करपतात. तुटलेली पाकळी नळीत अडकते, मग नवा इम्पेलर घालूनही गरम होणे थांबत नाही. म्हणून जुना इम्पेलर काढल्यावर पाकळ्या मोजा. एक कमी असेल तर ती शोधल्याशिवाय पंप बंद करू नका. इम्पेलर वर्षातून एकदा बदलावा. वाळूच्या पाण्यात काम असेल तर हंगामाच्या मध्येही बदलावा.

दुसरे, मीठ. मशीन बंद केल्यावर आतले पाणी निथळते, पण ओल राहते. गरम धातूवर ती वाळते आणि थर्मोस्टॅटभोवती मिठाचा थर बसतो. गोडे पाणी देण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांची गल्लत होते. खालच्या जाळीवर रबरी कानपट्ट्या लावून पाणी देत असाल तर मशीन न्यूट्रलमध्ये, अगदी मंद चालवायचे. पंखा आधी काढून ठेवावा, म्हणजे कोणाच्या हातापायाला इजा नको. बाजूच्या फ्लशिंगच्या तोंडाला पाइप लावत असाल तर बहुतेक नव्या मशीनमध्ये इंजिन बंद ठेवायचे असते, कारण तिथून दिलेले पाणी पंपापर्यंत पुरेसे पोचत नाही. आपल्या मशीनचे पुस्तक काय सांगते ते पाहा. दहा ते पंधरा मिनिटे पाणी द्या. दोन मिनिटांत फक्त वरवरची खार जाते.

तिसरे कारण, मागून पडणाऱ्या पाण्याच्या धारेकडे दुर्लक्ष. धार बारीक झाली की लगेच पंपाला दोष देऊ नका. आधी त्या भोकात नायलॉनचा दोरा किंवा पातळ तार घाला. कित्येकदा मिठाचा खडा नाहीतर चिखलमाशीचे घरटे निघते.

आता गरम होण्याशी संबंध नसलेली, पण मशीन खाणारी एक गोष्ट. तुटलेली गळाची तंगूस पंख्यामागे शाफ्टवर गुंडाळली जाते आणि तेलाचे सील कापते. वरून काहीच दिसत नाही. दर पन्नास तासांनी पंखा काढून शाफ्ट पुसा आणि गिअरच्या तेलाचा खालचा बूच जरासा सैल करून थेंबभर तेल बोटावर घ्या. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. त्या दिवशी सील बदलणे सोपे जाते. महिनाभराने आख्खा गिअरबॉक्स बदलावा लागतो.

मशीनऐवजी स्वतः झिजावेत म्हणून लावलेले जस्ताचे ठोकळे अर्धे झिजले की बदला. त्यांना रंग लावू नका. रंग लागला की ठोकळा तसाच राहतो आणि मशीनचा अ‍ॅल्युमिनियम झिजतो. बोटीचा तळच अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर शेवाळ रोखणारा तांबेयुक्त रंग तिथे कधीही नको. खाऱ्या पाण्यात तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की पत्र्याला भोके पडतात.

इंधनाचा हिशेब तिहेरी ठेवा : एक भाग जायला, एक यायला, एक राखीव. वारा समोरून आला की परतीचा भाग ठरवल्यापेक्षा मोठा होतो.

प्रश्न : वेगवान गस्ती बोटींना पंख्याऐवजी वॉटरजेट का बसवतात? आणि जेटच्या बोटी खाडीच्या तोंडाशी अचानक आडव्या होतात असे ऐकतो, ते का? (एक वाचक, वास्को)

जेट तळाच्या जाळीतून पाणी ओढते आणि मागच्या नळकांड्यातून जोराने फेकते. तळाखाली काही लोंबत नाही. मॉरिशसभोवती प्रवाळाची भिंत आहे. आतल्या उथळ पाण्यात पंखा आणि सुकाणू खडकाला लागतात, तिथून जेट निघून जाते. पाण्यात पडलेल्या माणसाजवळ जातानाही उघडा पंखा नसणे हा मोठा दिलासा.

बोट आडवी होण्याचे कारण साधे आहे. जेटला सुकाणूच नसते. फेकलेल्या पाण्याची दिशा वळवून बोट वळते, म्हणजे फेक थांबली की वळणे थांबले. प्रवाळातल्या वाटेने आत येताना मागून उधाण लाट उचलते, वेग वाढतो, नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, खाली जाते, आणि नवशिका घाबरून थ्रॉटल एकदम मागे घेतो. त्याच क्षणी त्याच्या हातातले चाक मेलेले असते. बोट आडवी होते आणि पुढची लाट तिच्यावर फुटते. पंख्याच्या बोटीत निदान सुकाणूचे पाते पाण्यात असते. जेटमध्ये तेही नाही.

म्हणून वाटेबाहेर थांबून लाटा मोजायच्या. मोठ्या लाटा गटाने येतात. त्यांतली शेवटची गेली की तिच्या पाठीवर बसायचे, माथ्याच्या थोडे मागे, आणि तिच्याच वेगाने आत जायचे. तिला ओलांडायचे नाही आणि मागच्या लाटेला गाठू द्यायचे नाही. थ्रॉटल हलवायचा तो थोडा थोडा, बंद कधीच नाही.

जेटचे रोज दिसणारे दुखणे म्हणजे वेग पडणे. इंजिनाचे फेरे वाढले आणि वेग कमी झाला, तर जाळीत दोरी, प्लास्टिक किंवा समुद्री गवत अडकले आहे, किंवा इम्पेलर आणि त्याच्या नळीतली फट वाढली आहे. मिलिमीटरभराची वाढही जाणवते. फेरे तेवढेच राहून वेग पडला तर आधी तळ पाहा. शिंपले चिकटले असतील. कचरा काढायला मंद फेऱ्यांवर गिअर काही सेकंद उलटा फिरवतात. गिअर नसेल तर इंजिन बंद करून कचरा आपोआप गळू देतात. हात घालायचाच तर इंजिन बंद, चावी हात घालणाऱ्याच्या खिशात, मग वरचे झाकण उघडायचे. आणि बोट आठवडेच्या आठवडे बांधून ठेवू नये. नळीच्या आत शिंपले धरतात, ते वरून दिसत नाहीत.

प्रश्न : आमच्या ओळखीच्या कोळी कुटुंबातला माणूस समुद्रात हरवला तेव्हा विमान लगेच निघाले, तरी शोधायला फार वेळ गेला. विमानाला वरून सगळे दिसत नाही का? (एक वाचक, वाक्वा, मॉरिशस)

नाही दिसत, आणि हे प्रत्येक कोळ्याच्या घरी माहीत असायला हवे.

डॉर्नियरच्या पोटाखालचे रडार जहाज दुरून पकडते. पाण्यात फक्त डोके वर असलेला माणूस रडारवर येत नाही. तो डोळ्यांनीच शोधावा लागतो. शोधमोहिमेच्या गणितात विमानातून पाण्यातल्या माणसासाठी पाहणीचा पट्टा अवघा ०.१ सागरी मैल धरतात, तोही पाचशे फुटांवरून आणि चांगल्या हवेत. विमान ताशी १२० सागरी मैलांनी उडाले तर तासात १२ चौरस सागरी मैल पाहून होतात. माणूस नेमका कुठे वाहत गेला यात दहा मैलांची अनिश्चितता असेल, तर शोधायचे वर्तुळ ३१४ चौरस मैलांचे होते. एकदा धुंडाळायलाच २६ तास. वारा पंधरा नॉटच्या वर गेला की पाणी फेसाळते आणि हा पट्टा निम्मा धरतात. पंचवीसच्या वर गेला तर पाव. मे ते ऑक्टोबर तुमच्याकडे आग्नेयेचे वारे किती जोरात असतात हे तुम्हाला सांगायला नको.

तोच माणूस तराफ्यात असेल तर स्वच्छ हवेत पट्टा दोन मैलांच्या आसपास जातो. तेच वर्तुळ सव्वा-दीड तासात पाहून होते. म्हणून बोट उलटली तरी सोडू नका. किनारा जवळ वाटतो म्हणून पोहत निघालेला माणूस स्वतःला दिसेनासा करतो.

त्यात जाण्यायेण्याचा वेळ धरा. सेंट ब्रँडनची मासेमारीची उथळ जागा सुमारे ४३० किलोमीटरवर आहे. तिथे जाऊन परत यायलाच अडीच तासांच्या आसपास जातात. शोधाला उरतो तो त्यानंतरचा वेळ.

घरच्यांनी चौकीला नेमके काय सांगावे : किती वाजता निघाले, कधी परतणार होते, बोटीचा रंग आणि लांबी, मशीन किती, अंगात लाइफ जॅकेट होते का. रिकामी बोट वाऱ्याने वेगाने सरकते, पाण्यातला माणूस बहुतांशी प्रवाहाबरोबर जातो. म्हणजे ‘बोटीत आहे की पाण्यात’ या एका उत्तराने शोधाची जागाच बदलते. आणि परतीची वेळ टळली की उजाडायची वाट पाहू नका.

सोबत ४०६ मेगाहर्ट्झचा जीपीएसवाला बीकन, म्हणजे उपग्रहामार्फत धोक्याचा इशारा पाठवणारे यंत्र, असेल तर वर्तुळ दहा मैलांवरून शंभर-दीडशे मीटरवर येते. तो आपल्या नावावर नोंदवलेला हवा आणि बॅटरीची तारीख टळलेली नको. हातातला लाल फ्लेअर (धोक्याची मशाल) विमान आपल्याकडे येत असताना पेटवा. डोक्यावरून गेल्यावर पेटवलेला कोणाला दिसत नाही, कारण बघणाऱ्यांची नजर पुढे आणि बाजूला असते.

प्रश्न : उभ्या असलेल्या डॉर्नियरच्या पंख्याची पाती सपाट दिसतात, दुसऱ्या काही विमानांची मात्र कडेवर वळलेली. का? (एक विद्यार्थी, नागपूर)

निरीक्षण उत्तम. डॉर्नियर २२८ चे टीपीई ३३१ इंजिन एकाच शाफ्टचे आहे. सुरू करताना स्टार्टरला पंखाही सोबत फिरवावा लागतो. पाती कडेवर वळलेली असतील तर ती हवेला चापट्या मारल्यासारखी अडतात, इंजिन वेग घेत नाही आणि आतले तापमान चढत जाते. म्हणून बंद करताना, फेरे उतरत असतानाच, वैमानिक लिव्हर मागे ओढून पाती सपाट कोनावर खिळांमध्ये अडकवतो. सुरू झाल्यावर लिव्हर क्षणभर मागे घेऊन खीळ सोडवायची असते. ती सुटली नाही तर इंजिन गुरगुरते, पण विमान पुढे सरत नाही. पीटी ६ सारख्या इंजिनात पंख्याचा शाफ्ट वेगळा असतो, तिथे ही अडचण नाही.

समुद्रावर खाली उडून आलेल्या विमानाला गोड्या पाण्याची आंघोळ लागते, आणि इंजिन थंड झाल्यावर ते नुसत्या स्टार्टरवर फिरवून काँप्रेसरमध्येही पाणी सोडतात. पात्यांवर मीठ बसले की त्याच इंधनात ताकद कमी मिळते आणि तापमान जास्त.

प्रश्न : हेलिकॉप्टरने आमच्या ट्रॉलरवरून आजारी खलाशी उचलायचा झाला तर आम्ही काय तयारी ठेवावी? चेतक आणि ध्रुव यांत फरक पडतो का? (एक तांडेल, रत्नागिरी)

फरक आहे. चेतकला एकच इंजिन. पाण्यावर तरंगत माणूस उचलताना ते बंद पडले तर खाली समुद्रच. ध्रुवला दोन इंजिने आहेत आणि जागाही जास्त, म्हणून दूरच्या कामाला ते बरे. तुमची तयारी दोन्हींना सारखीच.

डेकवरची सुटी जाळी, थर्माकोल, ताडपत्री आत टाका किंवा घट्ट बांधा. पंख्याचा वारा ते उडवतो आणि ते वर गेले तर हेलिकॉप्टरच पडेल. उंच काठ्या आणि अँटेना उतरवा. सहसा वारा डाव्या नाळेवर तीस अंशांत घेऊन सरळ, एका वेगाने चालायचे असते, पण वैमानिक रेडिओवर सांगेल तेच करा. आजाऱ्याला लाइफ जॅकेट आधीच घाला. दिलेल्या औषधांची चिठ्ठी त्याच्या खिशात ठेवा.

खाली येणारा हुक आधी पाण्याला किंवा डेकला टेकू द्या. हेलिकॉप्टरवर स्थिर वीज साठते आणि पहिला हात लावणाऱ्याला जोराचा झटका बसतो. टेकल्यानंतरच धरा. आणि हुक किंवा तार बोटीच्या कशालाही, क्षणभरसुद्धा, बांधू नका. लाटेने बोट खाली गेली तर वर हेलिकॉप्टरला तार कापण्याशिवाय उपाय राहत नाही.